तळघरातली माता

16 डिसेंबर 1857 च्या रात्री दक्षिण इटलीत भूकंप झाला. डोंगरउतारावरची गावंच्या गावं कोसळली, दहा हजारांहून जास्त माणसं गेली. रॉबर्ट मॅलेट नावाचा आयरिश इंजिनिअर काही आठवड्यांनी त्या मुलखात पोचला आणि पडक्या भिंतींच्या भेगा मोजत हिंडला. भूकंपशास्त्राचा पाया घालणाऱ्या त्याच्या अहवालात सालेर्नो प्रांतातलं पोल्ला हे गाव ठळकपणे येतं. त्या गावात शाबूत राहिलेलं फारसं काही नव्हतंच.

भूकंपानंतर चारच वर्षांनी इटली एक देश झाला. उत्तरेला त्यातून नवे कारखाने मिळाले. दक्षिणेच्या शेतमजुरांच्या वाट्याला आली ती सक्तीची सैन्यभरती आणि कर. त्यात धान्य दळण्यावरचाही कर होता. जमीन बड्या मालकांची, सखल भागात हिवताप, आणि चर्चचा धर्मगुरू बहुतेकदा जमीनदाराच्या पंक्तीला बसणारा. अशा गावातला तरुण बंदराची वाट धरतो, तेव्हा त्याला कोणी बोलावलेलं असावं लागत नाही.

1881 मध्ये पोल्लाची अशी काही माणसं न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या ईशान्य भागात, ईस्ट हार्लेममध्ये, ईस्ट नदीच्या काठी राहत होती. दिवसभर रूळ टाकायचे, गटारं खणायची, खडी वाहायची आणि रात्री दाटीवाटीच्या खोलीत पाठ टेकायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी एक मंडळ काढलं. कोणी आजारी पडला तर औषधाला पैसे आणि कोणी गेला तर त्याची माती सन्मानाने व्हावी, इतकाच त्यामागचा व्यवहार. मंडळाला नाव दिलं गावाची राखण करणाऱ्या कार्मेल मातेचं. तिचा सण 16 जुलैला असतो. तो त्यांनी नदीकाठच्या 110व्या रस्त्यावर एका घराच्या अंगणात साजरा केला. आपल्याकडेही मुंबईत धोबीतलावला आलेल्या गोवेकर खलाश्यांनी आणि आचाऱ्यांनी गावागावाच्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागा, उभ्या केल्या आणि प्रत्येक कुडीत आपल्या गावच्या संताचं आलतार मांडलं. नदीकाठच्या त्या अंगणाची कहाणी आपल्याला म्हणूनच परकी वाटत नाही.

त्या अंगणातून 115व्या रस्त्यावरचं ‘अवर लेडी ऑफ माउंट कार्मेल’ हे चर्च उभं राहिलं. फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू आणि प्लेझंट अ‍ॅव्हेन्यू यांच्या मधलं हे चर्च आजही चालू आहे. अमेरिकेत स्थलांतरितांनी बांधलेली कॅथलिक चर्चेस पुष्कळ आहेत आणि त्यांतली कितीतरी याहून भव्य आहेत. मी याच चर्चविषयी लिहिते आहे, कारण ज्यांनी ते आपल्या हातांनी बांधलं, त्यांनाच त्याच्या तळघरात बसवण्यात आलं. तिथून वर यायला त्यांना एक पिढीहून जास्त काळ लागला.

रात्रपाळीचं बांधकाम

1884 मध्ये पॅलोटीन संघाचे धर्मगुरू ईस्ट हार्लेममध्ये आले. व्हिन्सेंट पॅलोटी यांनी रोममध्ये स्थापन केलेल्या या संघाला परदेशातल्या इटालियन मजुरांची ओळख होती. लंडनमध्ये क्लार्कनवेल भागात 1863 मध्ये उघडलेलं इटालियन चर्च त्यांच्याच देखरेखीखाली होतं. न्यूयॉर्कमध्ये काम हाती घेतलं फादर एमिलियानो किर्नर यांनी. 115व्या रस्त्यावर जागा मिळाली आणि बांधकाम सुरू झालं.

त्या बांधकामाची आठवण वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या जपली. दिवसा दुसऱ्यांच्या शहराचे पाये खणणारे हे मजूर संध्याकाळी घरी परतत, चार घास खात आणि पुन्हा कुदळ-फावडं घेऊन निघत. चर्चचा पाया त्यांनी असा रात्रीचा खणला. भंगारवाल्यांनी आणि बर्फवाल्यांनी आपल्या गाड्या आणि घोडे दगड-विटा वाहायला दिले. बायकांनी काम करणाऱ्यांना जेवण पुरवलं. मजुरी कोणी घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःसाठी काही बांधत होते.

या बांधकामाने किर्नर यांचा बळी घेतला. ऑक्टोबर 1887 मध्ये चर्चच्या शाळेची नवी इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ते त्याखाली सापडले. ज्या वस्तीत रोज कोणी ना कोणी परांचीवर चढलेला असे, खंदकात उतरलेला असे, त्या वस्तीला असं मरण नवं नव्हतं. आता त्यांचा धर्मगुरूही त्यांच्यासारखाच गेला.

वर कोण, खाली कोण

चर्चची इमारत दोन पातळ्यांची होती. वर मुख्य सभागृह, खाली तळघरातलं चर्च. वर आयरिश आणि जर्मन कॅथलिकांची मिस्सा होई. खाली इटालियनांची. पोल्लाच्या लोकांनी इटलीहून आणवलेली मातेची मूर्तीही खालीच राहिली.

हे एकाच चर्चमध्ये घडत होतं असं नाही. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, मॉट रस्त्यावरच्या ‘ट्रान्सफिगरेशन’ चर्चमध्येही इटालियनांची मिस्सा तळघरातच होई. न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताची तेव्हा ती रीतच होती, आणि त्या रीतीमागे एक पक्की समजूत होती. आर्चबिशप मायकेल कॉरिगन यांच्या काळात तिथले वरिष्ठ धर्मगुरू ‘इटालियन प्रश्न’ असा शब्दप्रयोग करत. इटालियन लोक दर रविवारी मिस्सेला येत नाहीत, बाकड्याचे पैसे देत नाहीत, दानपेटीत काही टाकत नाहीत, त्यांना धर्मशिक्षण नाही आणि सण आला की मात्र रस्त्यावर बँड आणि फटाके, अशी तक्रार होती.

तक्रार करणारे बहुतेक आयरिश होते. त्यांचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय हा प्रसंग नीट कळत नाही. 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून आलेल्या या लोकांना प्रोटेस्टंट अमेरिकेने कधी जवळ केलं नव्हतं. दुष्काळाआधीच, 1844 मध्ये, फिलाडेल्फियात कॅथलिक चर्चेस जाळली गेली, तेव्हा न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी मलबेरी रस्त्यावरच्या सेंट पॅट्रिक कथीड्रलच्या रक्षणासाठी आपली माणसं उभी केली होती. आयरिशांनी पै-पै जमवून चर्चेस, शाळा, अनाथाश्रम उभारले. नियमित मिस्सा, नियमित दान आणि रस्त्यावर सभ्य वागणं, ही त्यांनी त्या देशात मिळवलेली अब्रू होती. नवा कॅथलिक आला, तो अनवाणी, मेणबत्त्या घेऊन, ढोल वाजवत. आपण महत्प्रयासाने मिळवलेली अब्रू हा घालवील, ही भीती त्यांना वाटली.

भर म्हणून दोन गोष्टी होत्या. इटलीच्या सैन्याने 1870 मध्ये रोम घेतलं आणि पोपची सत्ता व्हॅटिकनच्या भिंतींआड गेली. आयरिश धर्मगुरूंच्या नजरेत प्रत्येक इटालियन त्या पापाचा वाटेकरी होता. दुसरं कारण पोटाचं. ईस्ट हार्लेममध्ये पहिले इटालियन मजूर 1870 च्या दशकात ट्रामचे रूळ टाकण्यासाठी, संप फोडायलाच आणले गेले होते. ज्याने आपली रोजी हिरावली त्याच्याशेजारी गुडघे टेकायला मोठं मन लागतं.

दक्षिण इटलीच्या माणसाची बाजूही समजून घ्यायला हवी. गावाकडे त्याने पाहिलेलं चर्च हे जमीनदाराचं होतं. धर्मगुरूवर त्याचा विश्वास नव्हता, मातेवर होता. ती जणू घरातलीच होती. तिच्याशी बोलायला त्याला बाकड्याचं भाडं भरावंसं वाटत नसे. नवस मात्र तो कधी चुकवत नसे. श्रद्धा दोन्हीकडे खरी होती. आयरिशांची दर रविवारी हजेरी लावणारी होती, इटालियनांची संकटात साद घालणारी आणि फेडीच्या दिवशी सगळं पणाला लावणारी.

1889 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पाठवलेल्या मदर फ्रान्सिस्का काब्रिनी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा आर्चबिशप कॉरिगन यांनी त्यांना परत जाण्याचाच सल्ला दिला होता. त्या गेल्या नाहीत. त्यांनी इटालियन गरिबांसाठी अनाथाश्रम आणि रुग्णालयं उभी केली आणि 1946 मध्ये संतपद मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक ठरल्या. ज्यांना दारातूनच परत पाठवायला निघाले होते, त्यांचं नाव पुढे वेदीवर लागलं, असं त्या शहरात घडलेलं आहे.

रस्ता हेच सभागृह

तळघरातल्या लोकांनी सभागृहासाठी मोर्चा काढला नाही. त्यांनी रस्ता घेतला.

जुलै आला की 115व्या रस्त्याचं रूप पालटे. दिव्यांच्या कमानी लागत, खिडक्यांतून ठेवणीतल्या चादरी आणि झेंडे लटकत, घराघरात झाडलोट होई. ब्रुकलिनहून, न्यूजर्सीहून नातेवाईक मुक्कामाला येत. रस्त्यावर सॉसेज तळल्याचा वास, दोऱ्यात ओवलेल्या सुक्या मेव्याच्या माळा, स्कॅप्युलर आणि मेणाच्या वस्तूंच्या गाड्या. 16 जुलैला मूर्ती बाहेर निघे आणि वस्तीतल्या गल्ल्यांमधून फिरे. लोक तिच्यावर नोटा लावत, बँड वाजे, फटाके उडत. दिवसाचे काही तास न्यूयॉर्क शहराचा तो तुकडा पूर्णपणे त्यांचा असे.

मिरवणुकीत नवस फेडणारे चालत. त्यांत बायका सर्वांत जास्त. जुलैच्या उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी पायांनी, काही गुडघ्यांवर रांगत. कोणी आपल्या वजनाइतक्या वजनाची मेणबत्ती खांद्यावर वाहून आणी. पाय बरा झाला तर मेणाचा पाय, मूल वाचलं तर मेणाचं मूल. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि बाळं वाहणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. तोच हा रिवाज. काही बायका दारापासून वेदीपर्यंत जिभेने फरशी चाटत जात. धर्मगुरूंना ते पाहवत नसे, आणि 1920 च्या दशकात तो प्रकार बंद झाला.

हे सारं अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. त्या बायकांचं वर्ष कसं जात होतं ते पाहिलं की तसं करवत नाही. शिवणकामाचे गठ्ठे घरी आणून रात्री डोळे फोडायचे, क्षयाने माणूस गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचं, भाडेकरू ठेवून त्यांची धुणी धुवायची. गावाकडे आई राहिलेली, ती पुन्हा दिसणार नाही हे ठाऊक असलेलं. या बायकांना मोठ्याने रडायला जागा नव्हती. मातेची मूर्ती म्हणजे तान्हं बाळ कडेवर घेतलेली एक तरुण, दक्षिणेकडची बाई होती. तिच्या अंगावरचा झगा लोकांनी वाहिलेल्या अंगठ्या, साखळ्या, घड्याळं आणि कानातल्यांनी भरलेला असे. त्यातला प्रत्येक दागिना म्हणजे एकेका घरातलं टळलेलं संकट. पुढे चर्चच्या पत्रिकेत लोक आभाराची पत्रं लिहू लागले: ऑपरेशन पार पडलं, नोकरी मिळाली, मुलगा युद्धावरून परत आला. त्या वस्तीचा खरा इतिहास त्या पत्रांत आहे.

मुकुट

रस्त्यावरची ही गर्दी रोमला दिसली. पोप तेरावे लिओ यांना दक्षिण इटलीच्या या लोकांची काळजी होती. ते आपले लोक होते, आणि अमेरिकेत ते चर्चपासून तुटत चालल्याच्या बातम्या त्यांच्या कानावर जात होत्या. त्यांनी 115व्या रस्त्याच्या मूर्तीला मुकुट घालण्याची मान्यता दिली. असा मान तोपर्यंत या गोलार्धात फार थोड्या मूर्तींना मिळाला होता. मेक्सिकोची ग्वादालूपची माता त्यांतली एक. लिओ 1903 मध्ये वारले. पुढच्या वर्षी, जुलै 1904 मध्ये, आर्चबिशप जॉन फार्ली यांच्या हस्ते सोहळा झाला. कॉरिगन त्याआधीच, 1902 मध्ये निवर्तले होते.

मुकुटाचं सोनं वस्तीनेच दिलं. बायकांनी अंगठ्या, पदकं, घराण्यातले जुने दागिने काढून दिले. ते वितळवून मुकुट घडला. ज्यांच्याबद्दल दानपेटीत काही टाकत नाहीत अशी तक्रार होती, त्यांनी लग्नातलं सोनं दिलं. देणाऱ्यांची दानत कधी कमी नव्हतीच. कुणाला द्यायचं आणि कशासाठी, हे ते स्वतः ठरवत होते.

मुकुट मिळाल्यावर मूर्ती लगेच वर गेली का? नाही. रोमने मान दिला तरी ती तळघरातच राहिली, आणि पुढची जवळपास दोन दशकं लोक तिला भेटायला जिना उतरून जात राहिले. 1920 च्या दशकात, फादर गॅस्पार दालिया यांच्या काळात, मूर्ती वरच्या मुख्य वेदीवर बसवली गेली. तोवर आजूबाजूचे आयरिश आणि जर्मन वस्ती सोडून गेले होते, हेही सांगायला हवं. न्याय झाला, पण तो होईपर्यंत पाया खणणाऱ्यांतले किती जण मातीआड गेले असतील.

वस्तीचे लोक

1930 च्या सुमाराला ईस्ट हार्लेम ही अमेरिकेतली सर्वांत मोठी इटालियन वस्ती होती. 1924 च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची दारं जवळपास बंद केली होती, त्यामुळे वस्तीत आता इथेच जन्मलेली पिढी वाढत होती. तिची कहाणी लेओनार्ड कोवेल्लो या शिक्षकाच्या आयुष्यात दिसते. अविलियानो या दक्षिणेकडच्या गावातून लहानपणी आलेल्या या मुलाचं आडनाव होतं कोव्हिएल्लो. शाळेतल्या बाईंना ते उच्चारायला अवघड गेलं म्हणून त्यांनी ते बदलून टाकलं, आणि घरी आईवडिलांना त्याचा धक्का बसला. हाच मुलगा पुढे 1934 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचा पहिला मुख्याध्यापक झाला. शाळांमध्ये इटालियन भाषा शिकवली जावी म्हणून तो झगडला. मुलाला आईबापांची लाज वाटायला लावणारं शिक्षण त्याला मान्य नव्हतं. त्याच्या शाळेची भव्य इमारत 1942 मध्ये प्लेझंट अ‍ॅव्हेन्यूवर, चर्चपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली.

याच वस्तीने फिओरेल्लो लाग्वार्डिया यांना अमेरिकन काँग्रेसमध्ये पाठवलं. पुढे ते न्यूयॉर्कचे महापौर झाले. त्यांच्यानंतर व्हिटो मार्कांतोनियो आले. डाव्या विचारांचा हा वकील वस्तीतच राहिला, भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकत राहिला आणि इटालियनांइतकाच पोर्तो रिकोहून आलेल्यांसाठीही भांडला. 1954 मध्ये त्यांना रस्त्यातच मृत्यूने गाठलं, तेव्हा त्यांच्या राजकारणामुळे धर्मप्रांताने त्यांना कॅथलिक विधीने अंत्यसंस्कार नाकारले. वस्ती मात्र हजारोंनी त्यांच्या अंत्ययात्रेला आली. आपला कोण, हे या लोकांनी यापूर्वीही वरून आलेल्या निर्णयावर सोडलेलं नव्हतं.

पुढचे पाहुणे

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे वस्ती बदलू लागली. जुन्या चाळवजा इमारती पाडून सरकारी गृहसंकुलं उभी राहिली. 1941 मधलं ईस्ट रिव्हर हाउसेस हे त्यांतलं पहिलं. ज्यांच्याकडे चार पैसे जमले ते ब्राँक्स, क्वीन्स आणि लाँग आयलंडकडे गेले. त्यांच्या जागी पोर्तो रिकन आले. तेही कॅथलिक, तेही गरीब, तेही संतांच्या मूर्ती रस्त्यावर नेणारे.

इथे या चर्चच्या इतिहासातला सर्वांत अवघड भाग येतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. स्वतः तळघरात बसलेल्यांनी नव्याने आलेल्या पोर्तो रिकनांना उघड्या हातांनी घेतलं नाही. रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या, गल्ल्यांच्या सीमा आखल्या गेल्या, 16 जुलैचा फेस्टा हा ‘आपला’ सण म्हणून जपला गेला. आयरिशांना एकेकाळी इटालियनांची जी भीती वाटली तीच इटालियनांना पोर्तो रिकनांची वाटली: यांच्यात आणि आपल्यात फरक दिसला नाही तर आपली अब्रू जाईल. दुःख भोगल्याने माणूस आपोआप मोठा होत नाही, हे या एका रस्त्यावर दोन पिढ्यांत स्पष्ट दिसतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. दुवालिए बाप-लेकांच्या हुकूमशाहीतून निसटून हजारो हैतीयन न्यूयॉर्कला आले. हैतीत सो-दो नावाच्या धबधब्यापाशी 16 जुलैला कार्मेल मातेची मोठी यात्रा भरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे ताडाच्या झाडावर मातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. कॅथलिक मरिया आणि वूदू परंपरेतली एझिली, दोघींची भक्ती तिथे एकमेकींत मिसळलेली असते. परदेशात त्या दिवशी जायचं कुठे? ब्रुकलिनहून, क्वीन्सहून ते 115व्या रस्त्यावर आले. निळे-पांढरे कपडे घालून आले, बाळं घेऊन आले, हात पसरून मूर्तीपुढे उभे राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 16 जुलैच्या गर्दीत हैतीयनच बहुसंख्य झाले. चर्चने त्यांच्या भाषेत मिस्सा आणि गाणी सुरू केली. उपनगरांतून परतलेली इटालियन म्हातारी माणसं आणि हे नवे भाविक एकाच मिरवणुकीत चालू लागले.

हे जमलं त्यामागे कारणं होती. हैतीयन लोक वस्तीत राहायला येत नव्हते, सणाला येत होते. घर आणि नोकरीची स्पर्धा नव्हती. तरीही दार उघडलं गेलं होतं. ईस्ट हार्लेममध्ये आज जुन्या इटालियन खुणा थोड्याच उरल्या आहेत: प्लेझंट अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं 1896 पासूनचं ‘राओज’ हे उपाहारगृह, फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवरचं 1933 चं ‘पॅट्सीज’ हे पिझ्झाचं दुकान आणि ऑगस्टमध्ये निघणारा जील्यो, म्हणजे सेंट अँथनीच्या नावाने उभारलेला उंच मनोरा, जो शंभरावर माणसं खांद्यावर घेऊन नाचवतात. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या स्टेशनवर उतरून 116व्या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेलं तर आता मेक्सिकन बेकऱ्या आणि टाकोंची दुकानं लागतात. इटालियन दुर्मीळ झाले, पण जिच्यासाठी पाया खणला होता, तिचा सण चालू राहिला. तो पोल्लाच्या पणतवंडांनी एकट्यांनी टिकवला नाही. ज्यांचा पोल्लाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी टिकवला.

हैतीहून आलेल्या कोण्या आईने आपल्या बाळासाठी त्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, तेव्हा रात्रीचा पाया खणणाऱ्या त्या मजुराचं काम खऱ्या अर्थाने पुरं झालं, असं मला वाटतं. ज्या शहरात माणसं रोज येतात, त्या शहरातलं कोणतंही देवालय बांधणाऱ्यांच्या मालकीचं कायम राहत नाही. त्यांच्या हाती एवढंच असतं की पुढच्याला तळघराचा जिना दाखवायचा की वरच्या दाराची कडी काढायची. 115व्या रस्त्याने दोन्ही करून पाहिलं. त्याच्या इतिहासात अभिमानाने सांगावं असं जे काही आहे, ते कडी काढल्यानंतरचं आहे. आपल्या मुंबई-पुण्यातली मंडळं, देवळं, चर्चेस, मशिदीही कोणा ना कोणा परगावच्या माणसाने उभारलेल्या आहेत. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न दर पिढीत नव्याने उभा राहतो, आणि त्याचं उत्तर पूर्वजांच्या पुण्याईतून मिळत नाही. ते दर पिढीला स्वतःच्या वागण्यातूनच द्यावं लागतं.